गाडीवर फळ पडलेले झाड

दसरा होऊन आठवडा झाला होता. मंगळवारी सकाळी सव्वासहाला मखमलाबाद रोडवरच्या 'सौहार्द' सोसायटीच्या आवारात एक फळ पडलं आणि चेअरमन रविराज पगारे यांच्या चौदा दिवसांच्या नव्या गाडीच्या बॉनेटला खड्डा पडला. फळ पडून गाडीला खड्डा पडतो, हा पहिला धक्का. फळाच्या टोकाला दगड होता, हा दुसरा. आणि ज्या झाडाखाली ते पडलं त्या झाडाला गेल्या एकोणीस वर्षांत फळ सोडा, धड फूलसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं, हा तिसरा.

हे तिन्ही धक्के सर्वप्रथम वॉचमन पुंजाला बसले, पण त्याला ते फळ आहे हे कळायला उशीर झाला. चार फूट लांब, भगवं-तांबडं, अंगावर पट्टे असलेलं असं काहीतरी बॉनेटवरून घसरून खाली आलेलं पाहिल्यावर त्याने नोकरीच्या इमानाने काठीचे चार तडाखे घातले. सापाने प्रतिकार केला नाही. पाचव्या तडाख्याला त्याच्या पोटातून लालभडक लगदा बाहेर आला आणि पुंजा तिथेच खाली बसला.

"मेला," तो पुटपुटला. कोण, ते मात्र त्याला सांगता येईना.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून हे सगळं लहानूराव शिरसाठ पाहत होते. लहानूराव हे नाव ज्या बाळाला ठेवलं ते पुढे सहा फूट एक इंच होईल याची त्यांच्या आत्याला कल्पना नव्हती. पोस्टात छत्तीस वर्षं काढून ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. इगतपुरीच्या पावसात शाई फुटून निळी झालेली पाकिटं त्यांनी उजेडात धरून वाचली होती. देवळ्याला असताना 'कांदा मार्केटच्या मागे, लंगड्या मामाला मिळो' एवढ्या पत्त्यावरची मनीऑर्डर त्यांनी स्वतः जाऊन मामाच्या हातात दिली होती. अशा माणसाला जगात कुठलीही गोष्ट नावाशिवाय राहिलेली बघवत नाही. आणि नेमकं त्याच्या गॅलरीसमोर, एकोणीस वर्षं, एक बिननावाचं झाड उभं होतं.

झाड सुरेख होतं, यात वाद नव्हता. त्याची एक फांदी गॅलरीच्या कठड्यापर्यंत आली होती. सकाळचा चहा घेताना लहानूराव डावा हात त्या फांदीवर ठेवत, आणि मे महिन्यात सगळं नाशिक भाजून निघत असताना त्यांच्या घरात दुपारी पंखा दोनवर चाले. पण रविराज पगारेंना त्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग दिसत होतं. आठ महिन्यांत त्यांनी झाड तोडायच्या परवानगीसाठी तीन अर्ज केले होते. तिन्ही परत आले. कारण अर्जात 'झाडाचे नाव' असा एक रकाना होता, आणि ते नाव सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. थोडक्यात, झाड बिननावाचं होतं म्हणूनच उभं होतं. ही गोष्ट लहानूरावांच्या ध्यानात यायला हवी होती. पण झाडाला नाव नाही हे दुःख त्यांच्या मनात एवढं मोठं होतं की त्यामागे बाकी काही दिसत नसे.

ते सांडशी घेऊन खाली उतरले. फळ सांडशीने उचललं, फिरवलं, हुंगलं. खालचं टोक उकललं होतं. आतल्या लाल गरात काळपट, खडबडीत बिया होत्या. आणि अगदी शेवटी तपकिरी तंतूंच्या गुंत्यात बटाट्याएवढा एक गुळगुळीत दगड घट्ट धरलेला होता.

"हे फळ आहे," लहानूरावांनी जाहीर केलं.

"फळ?" रविराज टॉवेलवरच खाली आले होते. "काका, माझ्या बॉनेटला खड्डा पडलाय. फळाने खड्डा पडतो का?"

"दगडासकट पडलं तर पडतो."

"फळात दगड कुठून आला?"

तोवर आवार भरलं होतं. तळमजल्यावरच्या जहिदाभाभींनी दगड निरखून पाहिला. "माझ्या जावेला झाला होता असाच," त्या म्हणाल्या. "बोअरचं पाणी, दुसरं काय. डॉक्टरने सांगितलं होतं, उकळून प्या. आता झाडाला कोण उकळून देणार?"

ही उपपत्ती बऱ्याच जणांना पटली. सोसायटीच्या बोअरचं पाणी पिऊन दोन सभासदांना मुतखडे झालेच होते; झाड तर एकोणीस वर्षं तेच पीत होतं.

भाभींचे यजमान सलाउद्दीनभाई यांची भद्रकालीत लाकडाची वखार होती. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खोडावर टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली. "मास्तरसाहेब, झाड आडवं झालं की मला विचारा. एक करवत फिरवली की जात सांगतो. उभ्या झाडाशी आपली ओळख नाही."

"मग आडवं करूनच बघू," रविराज म्हणाले.

लहानूराव सांडशीसकट बुंध्यासमोर आडवे उभे राहिले. रविराजांनी मोबाईलमधल्या झाड ओळखणाऱ्या ॲपला फळाचा फोटो दाखवला. ॲपने क्षणभर विचार करून 'मिरची' असं सांगितलं. चार फुटांची मिरची, आणि तीही दगडाची, हे ऐकून पुंजा पुन्हा खाली बसला.

त्याच दुपारी रविराजांनी चौथा अर्ज भरला. या वेळी त्यांनी डोकं चालवलं. 'झाडाचे नाव' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'गाडीवर फळ पडलेले झाड'. सोबत बॉनेटचा आणि फळाचा रंगीत फोटो जोडला. महापालिकेच्या कचेरीत हा अर्ज चक्क घेतला गेला, आणि येत्या सोमवारी साहेब पाहणीला येतील असा निरोप आला.

आता लहानूरावांना घाम फुटला. सोमवारच्या आत झाडाचं नाव मिळालं आणि ते दुर्मिळ निघालं, तरच झाड वाचणार होतं. नाही तर पुढच्या मेमध्ये पंखा पाचवर आणि हात ठेवायला नुसता लोखंडी कठडा.

फळ त्यांनी धुतलं आणि वेटोळं करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. तिथलं पडवळ आणि गाजरं पत्नी छायाबाईंना वरच्या कप्प्यात हलवावी लागली.

"अहो, हे विषारी निघालं तर?" छायाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर खाली ठेवलं. वरचं खाली ठिबकतं, खालचं वर ठिबकत नाही."

"आणि वास आला तर?"

"तर ती आणखी एक खूण. वहीत लिहून ठेव."

या माणसाच्या हुकमाखाली पोस्टातल्या लोकांनी कसे दिवस काढले असतील, या विचाराने छायाबाईंना त्यांची दया आली. भाजी घ्यायला त्या खाली गेल्या. सोसायटीच्या भिंतीपलीकडे कुसाबाईचं वावर होतं. तिथे ती झेंडू आणि भाजीपाला लावायची आणि रोज सोसायटीच्या फाटकाशी पाटी मांडून बसायची. आज ती भाजी कमी विकत होती आणि शिव्या जास्त देत होती.

"वहिनी, माझं बेणं गेलं वो," ती म्हणाली. "बियाला राखल्यालं. कुन्या मेल्यानं नेलं काय कळंना. चोराचे हात झडतील."

"असं का? वाईट झालं," छायाबाई म्हणाल्या. "पडवळ कोवळं आहे का? पाव किलो दे."

बुधवारी लहानूरावांनी ठरवलं की फळाचा अर्धा भाग पुण्याच्या एका वनस्पती-संशोधकाकडे स्पीडपोस्टाने पाठवायचा. कापडात शिवलेलं, लाखेने बंद केलेलं पार्सल घेऊन ते आपल्याच जुन्या पोस्टात गेले. काउंटरवर नवनाथ होता. बारा वर्षांपूर्वी त्याला वजनकाटा कसा पुसायचा इथपासून सगळं लहानूरावांनीच शिकवलं होतं. त्याने उठून नमस्कार केला, पार्सल वजनाला ठेवलं आणि विचारलं, "साहेब, आत काय आहे?"

"फळ."

"कसलं?"

"तेच तर कळायचंय. म्हणून पाठवतोय."

नवनाथने पार्सल काट्यावरून अलगद उचललं आणि दोन्ही हातांनी परत केलं. "साहेब, रागावू नका. वस्तूचं नाव माहीत नसेल तर पार्सल स्वीकारू नये. तुम्हीच मला शिकवलंत. मी वहीत लिहून घेतलं होतं."

"मी शिकवलं होतं," लहानूराव म्हणाले.

"एकदा तुमच्या सख्ख्या मेव्हण्याचं परत केलं होतं तुम्ही. त्याने 'खाऊ' लिहिलं होतं."

मागच्या रांगेतला माणूस हसला. लहानूराव पार्सल छातीशी धरून बाहेर आले. घरी पोचेपर्यंत फळाचा लाल रस कापडातून झिरपून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर हृदयाच्या नेमक्या जागी आला होता, आणि पाटाच्या पुलावर दोन जणांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची तयारी केली होती. फळ आहे, फळ आहे, असं लहानूराव सांगत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "भ्रमात बोलतायत. पाय धर."

शेवटी त्यांना तेजल आठवली. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि तिच्याकडे डॉक्टरेट होती. त्यांनी तिला फळाचे अकरा आणि बियांचे सात फोटो पाठवले. रात्रभर उत्तर नाही. गुरुवारी सकाळी तेजलचा फोन आला.

"काका, बसलेले आहात का?"

"उभा आहे. फांदीला धरून."

"मग धरूनच ठेवा. हे काकडीच्या कुळातलं आहे. बिया बघितल्यावर शंकाच नाही."

"काकडी वेलीला लागते, तेजल."

"तेच म्हणतेय मी. काकडीच्या अख्ख्या कुळात झाड नसतं, सगळ्या वेली. जगात एकच झाड आहे, तेही अरबी समुद्रातल्या एका बेटावर. काका, नीट आठवून सांगा. त्या झाडावर एखादी वेल तर चढलेली नाही ना?"

लहानूरावांचा स्वाभिमान दुखावला. "एकोणीस वर्षं मी या झाडासमोर चहा पितोय. याची पानं मी मोजली नाहीत एवढंच. वेल नाही."

"नक्की?"

"लेखी देतो."

आणि त्यांनी खरोखरच लेखी दिलं. टपाली भाषेत, तारखेसह, 'सदर झाडावर कोणतीही वेल नसल्याचे मी प्रत्यक्ष पाहणीअंती प्रमाणित करतो' असं लिहून फोटो काढून पाठवलं. इथे एक सांगायला हवं. लहानूरावांच्या गॅलरीतून झाडाची निम्मी बाजू दिसे. उरलेली निम्मी बाजू भिंतीपलीकडे, कुसाबाईच्या वावरावर झुकलेली होती, आणि तिकडे या प्रमाणित करणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही डोकावून पाहिलेलं नव्हतं.

दगडाबद्दल मात्र तेजलने हात वर केले. "ते माझ्या विषयात नाही. हे कोवळ्या फळाला दिशा द्यायला वजन असेल का, असा एक विचार मनात आला. पण निसर्ग एवढा शहाणा असेल असं वाटत नाही."

शुक्रवारपर्यंत ही बातमी म्हसरुळपर्यंत पोचली. जगातलं दुसरं काकडीचं झाड. पुंजाला आवार झाडायला वेळ मिळेना, कारण लोक झाडाशी उभं राहून फोटो काढत होते. सलाउद्दीनभाईंनी "मी टिचकी मारली तेव्हाच वेगळा आवाज आला होता" अशी साक्ष फिरवली. आणि सगळ्यांत मोठा धक्का म्हणजे शनिवारी रविराज पगारे पेढे घेऊन लहानूरावांकडे आले.

"काका, पार्किंगचं काय, होईल कुठेतरी," ते पेढा पुढे करत म्हणाले. "पण जगातलं दुसरं झाड आपल्या सोसायटीत म्हणजे फ्लॅटचा भाव कुठे जाईल, विचार करा. मी बोर्ड रंगवायला टाकलाय. वर तुमचं नाव घालू का? 'शोधक: लहानू शिरसाठ'. की चेअरमन म्हणून फक्त माझं पुरे?"

"दोन्ही घाला," लहानूराव उदारपणे म्हणाले. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. झाड वाचलं होतं, वर त्याला नावही मिळालं होतं.

सोमवारी अकराला पाहणीचे साहेब आले. बारीक अंगाचे, काखेत फाईल, आणि वर्षभर साठलेल्या अर्जांच्या ओझ्याने एका खांद्यात वाकलेले. झाडाखाली टेबल मांडलं होतं. त्यावर पांढरी चादर, चादरीवर फळ, फळाशेजारी मखमलीच्या तुकड्यावर दगड, आणि बिया लहानूरावांनी पोस्टाच्या जुन्या पाकिटांत घालून, वर सुवाच्य अक्षरात 'बी, लहान' आणि 'बी, मोठे' असं लिहून ठेवल्या होत्या. तेजल दुर्बीण गळ्यात घालून रिक्षातून उतरली. रविराजांनी नव्या बोर्डवर कापड टाकलं होतं.

तेवढ्यात फाटकातून कुसाबाई डोक्यावर पाटी घेऊन आत आली. तिला या समारंभाशी काही देणंघेणं नव्हतं. छायाबाईंनी सांगितलेली कोथिंबीर द्यायची होती. टेबलाशी येऊन ती थबकली. पाटी खाली ठेवली. आणि कुणाला काही कळायच्या आत तिने मखमलीवरचा दगड उचलून कनवटीला लावला.

"अहो बाई, तो नमुना आहे," तेजल म्हणाली.

"नमुना नाय, माझ्या सासूचा दगड हाय," कुसाबाई म्हणाली. "गंगेतून आनला व्हता तिनं. चाळीस वरसं ह्योच बांधतोय आमी. मास्तर, तुमी व्हय वो त्यो चोर?"

"कुसाबाई, काय बोलता? हे या झाडाचं फळ आहे."

"झाडाचं? आवं, ह्ये पडवळ हाय. माझं बियाचं पडवळ."

रविराजांनी बोर्डवरचं कापड आणखी खाली ओढलं. लहानूरावांनी फळाकडे पाहिलं. आठवड्यातून दोनदा, गेली चौतीस वर्षं, ते पडवळाची भाजी खात आले होते. "पडवळ हिरवं असतं," ते म्हणाले.

"तुमी खाता तवा हिरवं असतंय. येलावर राखलं का पिकून तांबडं व्हतं. तुमच्या घरात राखलंय का कुनी कधी? आनलं का चिरलं."

छायाबाई फळाजवळ आल्या, वाकल्या, आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. आपण वरच्या कप्प्यात हलवलं तेही पडवळ आणि नवऱ्याने खाली ठेवलं तेही पडवळच, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"आणि दगड?" तेजलने विचारलं.

"सरळ वाढाया बांधाया लागतोच की. त्ये तंतू न्हाईत, माझी सुतळी हाय, कुजल्याली. बियाचं पडवळ तर सरळच पायजे. त्ये वाकडं निघालं का म्होरली समदी वाकडी." तिने भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तेजलने दुर्बीण लावली. झाडाच्या पलीकडच्या अंगाने, भिंतीवरून वर गेलेली आणि शेंड्याकडून गाडीच्या बाजूला वळलेली एक वाळकी वेल पानांत गुरफटून स्पष्ट दिसत होती.

तेजलने दुर्बीण हळूच खाली केली. "काका, तुम्ही लेखी दिलं होतं."

सलाउद्दीनभाई वखारीत गिऱ्हाईक आलंय असं म्हणून निघाले, पण नेमकं काय होतं ते बघायला फाटकाशी थांबले. रविराजांनी बोर्ड कापडासकट उचलून गाडीमागे ठेवला आणि ते झटकन साहेबांकडे वळले.

"साहेब, म्हणजे झाड साधंच आहे. आता अर्ज मंजूर करा. तोडायला माणसं तयार आहेत."

लहानूरावांनी झाडाच्या बुंध्याला हात टेकला. आठ दिवस ते जे बोलले होते ते सगळं टेबलावर फुटून पडलं होतं.

साहेबांनी फाईल उघडली. चष्मा लावला. "अर्ज कशाच्या तोडीसाठी आहे, वाचतो. 'गाडीवर फळ पडलेले झाड'. बरोबर?"

"बरोबर."

"गाडीवर कोणतं फळ पडलं?"

"हे. पडवळ."

"ज्याचं फळ पडलं ते काय आहे?"

"पडवळच. पण साहेब—"

"पडवळ तोडायला परवानगी लागत नाही," साहेब म्हणाले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच एखादी फाईल बंद होताना दिसतेय अशा आनंदाने त्यांनी पेन काढलं. "'सदर पडवळ काढून टाकण्यास हरकत नाही.' काढा ते. माझ्यासमोर काढा, म्हणजे पंचनामा करून आजच प्रकरण मिटवतो."

"अहो, मला झाड तोडायचंय."

"ते या अर्जात नाही. झाडासाठी नवा अर्ज करा. त्यात नाव लागेल. झाडाचं नाव काय?"

रविराजांनी वर झाडाकडे पाहिलं, मग तेजलकडे. तिने या आठवड्यापुरतं कुठल्याही झाडाला नाव न देण्याचं ठरवलेलं दिसत होतं. "फूल आल्याशिवाय मी आता काही बोलणार नाही," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला गेली.

मग सरकारी पंचनाम्यासह, दोन पंचांसमक्ष, पुंजाने शिडी लावून पडवळाची वाळकी वेल उतरवली. पंच म्हणून सलाउद्दीनभाईंना फाटकातून परत बोलावलं. साहेबांनी 'कार्यवाही पूर्ण' असा शेरा मारला, चहा घेतला आणि गेले.

सगळे पांगल्यावर लहानूराव बियांची पाकिटं घेऊन भिंतीशी गेले. कुसाबाई पलीकडे झेंडू तोडत होती.

"घ्या," ते म्हणाले. "लहान वेगळ्या, मोठ्या वेगळ्या. एकही टाकलेली नाही. माझी चूक झाली."

कुसाबाईने पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि पदरात टाकली. तिचा राग जरा उतरला. "मास्तर, येवढा उपद्व्याप कशापायी? नाव पायजे व्हतं तर मला इचारायचं. रोज तर फाटकात बसती मी."

"तुम्हाला या झाडाचं नाव माहीत आहे?"

"माहीत? आवं, माझ्या सासऱ्यानं लावलंय. ह्ये समदं आमचंच वावर व्हतं. तुमची बिल्डिंग मागून आली."

प्रोफेसर, व्यापारी आणि मोबाईल, सगळ्यांना विचारून झालं होतं; पुण्यासाठी पार्सलही शिवून झालं होतं. लहानूरावांनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर रविराज टॉवेल वाळत घालत होते, जरा जास्तच वेळ. टॉवेल संपून ते आत गेल्यावर लहानूराव भिंतीवर वाकले. "हळू सांगा."

कुसाबाईने हळू सांगितलं.

लहानूरावांनी वर झाडाकडे पाहिलं. "खरंच?"

"मग वो. खोटं कशाला बोलू?"

महिन्याभराने, एका सकाळी, रविराज नवा अर्ज घेऊन शिरसाठांकडे आले. लहानूराव चहा पीत होते. डावा हात फांदीवर होता. छायाबाईंनी रविराजांपुढेही कप ठेवला आणि त्या मुद्दाम तिथेच थांबल्या. महिनाभर विचारून त्यांनाही नवऱ्याने नाव सांगितलं नव्हतं.

"काका, झालं गेलं विसरा," रविराज अगदी गोड आवाजात म्हणाले. "तुमच्याइतका या झाडाचा अभ्यास कुणाचा नाही. बाकी सगळं मी भरलंय. तेवढा एक रकाना तुमच्या हाताने भरा."

लहानूरावांनी अर्ज घेतला. चष्मा पुसला, खिशातलं पेन काढलं, आणि छत्तीस वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरात 'झाडाचे नाव' या रकान्यात सावकाश लिहिलं:

'पत्ता अपुरा. पाठवणाऱ्यास परत.'

आणि खाली सही करून, तारीख घालून, त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी रविराजांना परत केला.